जपानी व्यावसायिक बेसबॉल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत गाजणारा जपानी बेसबॉलपटू शोहेई ओहतानी याच्यामुळे मराठी क्रीडाप्रेमी जपानी बेसबॉलबद्दल विचारू लागले आहेत. पण तो ज्या लीगमधून आला तिचं वय नव्वदीच्या घरात आहे, आणि तिथल्या चाहत्यांचे वाद आपल्या गावसकर की तेंडुलकर या वादाइतकेच हिरिरीचे आहेत. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत. जिथे आमचं मत आहे, तिथे ते मत म्हणूनच मांडलं आहे.

जपानमध्ये बेसबॉल कधी आला?

१८७२ मध्ये. तोक्योतल्या एका सरकारी शाळेत होरेस विल्सन नावाचे अमेरिकी शिक्षक होते. त्यांनी विद्यार्थ्यांना वर्गाबाहेर काढून हा खेळ शिकवला. पुढे ही शाळा तोक्यो विद्यापीठात सामावली गेली. अमेरिकेत रेल्वेचं काम शिकून परतलेले हिराओका हिरोशी यांनी १८७८ मध्ये शिम्बाशी अ‍ॅथलेटिक क्लब हा पहिला संघ उभा केला.

खेळ देशभर गाजला तो १८९६ मध्ये. इचिको या तोक्योतल्या नामांकित विद्यालयाच्या मुलांनी योकोहामातल्या परदेशी लोकांच्या क्लबाला २९-४ असं धुतलं. पाश्चात्त्य देशांनी लादलेल्या असमान करारांचा तो काळ होता, त्यामुळे हा निकाल वर्तमानपत्रांनी एखाद्या राष्ट्रीय विजयासारखा छापला.

हायकू वाचणाऱ्या मराठी वाचकांना मासाओका शिकी हे नाव परकं नसेल. क्षयाने अंथरूण धरेपर्यंत हे कवी बेसबॉलवेडे होते, स्वतः कॅचर म्हणून, म्हणजे यष्टिरक्षकासारखे फलंदाजामागे, खेळायचे. २००२ मध्ये त्यांची जपानी बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे दिग्गजांच्या मानयादीत, निवड झाली.

मग व्यावसायिक लीग एवढ्या उशिरा का सुरू झाली?

कारण विद्यापीठांचा आणि शाळांचा बेसबॉलच इतका लोकप्रिय होता की पैसे घेऊन खेळणं कमीपणाचं मानलं जाई. वासेदा आणि केइओ या विद्यापीठांमधल्या सामन्यांना तोक्यो लोटायचं. हे चित्र बदललं योमिउरी वृत्तपत्राचे मालक शोरिकी मात्सुतारो यांनी. त्यांना खप वाढवायचा होता, म्हणून १९३४ मध्ये त्यांनी बेब रूथ, लू गेरिग, जिमी फॉक्स यांच्यासह अमेरिकी तारकांचा संघ जपानला आणला. त्यांच्याशी खेळायला जपानी खेळाडू गोळा केले आणि दौरा संपल्यावर, १९३४ च्या डिसेंबरात, त्यांचाच व्यावसायिक क्लब केला. तेच आजचे योमिउरी जायंट्स. १९३६ मध्ये सात संघांची लीग सुरू झाली.

एइजी सावामुरा या पिचरचं (चेंडू टाकणाऱ्याचं) एवढं काय? त्या दौऱ्यातला सामना तर तो हरलाच ना?

हरला, ०-१ असा. पण २० नोव्हेंबर १९३४ ला शिझुओकाच्या कुसानागी मैदानावर काय झालं ते पाहा. समोर असा अमेरिकी संघ, जो दौऱ्यात जपान्यांना दहा-दहा, वीस-वीस धावांनी चिरडत होता. पिचर सतरा वर्षांचा, क्योतोच्या शाळेतून नुकताच बाहेर पडलेला. त्याने चार्ली गेहरिंगर, बेब रूथ, लू गेरिग आणि जिमी फॉक्स या चौघांना एकापाठोपाठ एक स्ट्राइकआउट केलं, म्हणजे बॅटला चेंडू लागू न देता तीन स्ट्राइकवर बाद केलं. सातव्या इनिंगमध्ये (इनिंग म्हणजे दोन्ही संघांची फलंदाजीची एकेक पाळी) गेरिगने एक होम रन मारला, म्हणजे चेंडू थेट सीमेपार धाडून धाव काढली, आणि तेवढ्यावर सामना गेला.

त्यानंतर जायंट्सकडून त्याने तीन नो-हिटर टाकले, म्हणजे अख्ख्या सामन्यात समोरच्या संघाला एकही हिट, म्हणजे फलंदाजाला मैदानातल्या टप्प्यावर (बेसवर) पोचवणारा फटका, मिळू दिला नाही. पण सैन्यातून त्याला पुन्हा पुन्हा बोलावणं आलं. तिथे हातबॉम्ब फेकून फेकून त्याचा खांदा गेला. परतल्यावर तो वरून चेंडू टाकूच शकेना, हात खाली आणून टाकू लागला. २ डिसेंबर १९४४ ला त्याला नेणारं जहाज टॉर्पेडोने बुडालं. तो २७ वर्षांचा होता. सामन्याची सुरुवात करणाऱ्या पिचरांपैकी वर्षातल्या सर्वोत्तम पिचरला मिळणारा सावामुरा पुरस्कार १९४७ पासून त्याच्या नावाने दिला जातो. कुसानागीला आज त्याचा आणि रूथचा पुतळा आहे.

युद्धात लीग चालू होती का?

१९४४ पर्यंत रखडत चालू होती, १९४५ ला हंगामच झाला नाही. इंग्रजी शब्दांवर बंदी आली आणि पंचांना ‘स्ट्राइक’ऐवजी जपानी शब्द वापरावे लागले. नागोया संघाचा पिचर इशिमारू शिनइची याने १९४३ मध्ये नो-हिटर टाकला आणि मे १९४५ मध्ये तो आत्मघाती विमान घेऊन गेला, परतला नाही. तोक्यो डोमच्या बाजूला युद्धात गेलेल्या खेळाडूंच्या नावांची शिळा आहे.

आज लीगची रचना कशी आहे?

१९५० पासून दोन लीग आहेत, प्रत्येकी सहा संघ. सेंट्रलमध्ये योमिउरी जायंट्स, हानशिन टायगर्स, चुनिची ड्रॅगन्स, हिरोशिमा कार्प, याकुल्ट स्वॉलोज आणि योकोहामाचे बेस्टार्स. पॅसिफिकमध्ये सॉफ्टबँक हॉक्स, सेइबू लायन्स, ओरिक्स बफेलोज, लोट्टे मरीन्स, निप्पोन-हॅम फायटर्स आणि राकुतेन ईगल्स. हंगाम १४३ सामन्यांचा. शेवटी दोन्ही लीगचे विजेते जपान सीरिजमध्ये भिडतात, चार सामने जिंकेल तो राष्ट्रविजेता. २००७ पासून त्याआधी क्लायमॅक्स सीरिज नावाची बादफेरी असते. लीगमध्ये तिसरा आलेला संघही तिच्यातून राष्ट्रविजेता होऊ शकतो. १४३ सामन्यांच्या घामाची ही किंमत आम्हाला पटत नाही, पण तिकीटबारीला ती पटली आहे.

सामना बरोबरीत सुटतो हे खरं का?

हो. बारा इनिंगनंतरही कोंडी फुटली नाही, तर बरोबरी.

पिचर फलंदाजीला येतो की नाही?

पॅसिफिकमध्ये १९७५ पासून त्याच्या जागी खास फलंदाज येतो. सेंट्रलने जुना नियम अनेक दशकं धरून ठेवला, पण २०२७ पासून तिथेही बदल करायचं ठरलं आहे.

संघांना शहरांऐवजी कंपन्यांची नावं का?

कारण संघ मुळात कंपन्यांच्या जाहिरातीसाठीच काढले गेले. पूर्वी यात खासगी रेल्वे कंपन्यांचा भरणा होता: हानशिन, हानक्यू, नानकाई, किनतेत्सू, निशितेत्सू. हिशेब सरळ होता. मार्गावर मैदान बांधायचं, म्हणजे सुट्टीच्या दिवशी गाड्या भरतात. कोशिएन मैदान हानशिन रेल्वेनेच १९२४ मध्ये बांधलं. १९५४ मध्ये करखात्याने संघाचा तोटा मूळ कंपनीचा जाहिरात खर्च म्हणून धरायला परवानगी दिली आणि ही पद्धत पक्की झाली. रेल्वे कंपन्यांचा जोर ओसरला तसे संघ विकले गेले. नानकाई हॉक्स ओसाका सोडून फुकुओकाला गेले, निशितेत्सू लायन्स फुकुओका सोडून अखेर सेइबूच्या हाती सैतामाला गेले. आपला संघ गावातून उठून गेल्याचं दुःख जपानमध्ये दोन-तीन पिढ्यांनी पाहिलं आहे.

जायंट्सचा एवढा दबदबा कशामुळे?

सलग नऊ राष्ट्रविजेतेपदांमुळे: १९६५ ते १९७३. प्रशिक्षक होते तेत्सुहारू कावाकामी, स्वतः जपानमध्ये २००० हिट गाठणारा पहिला फलंदाज. त्यात योमिउरीचं वृत्तपत्र आणि दूरचित्रवाणी घरचीच, त्यामुळे गावोगावी रात्री जायंट्सचाच सामना लागायचा.

नवलाची गोष्ट म्हणजे ही मालिका ज्याने तोडली तो जायंट्सचाच जुना मोहरा होता. वॉली योनामिने हा हवाईत जन्मलेला जपानी वंशाचा अमेरिकी १९५१ मध्ये जायंट्सकडे आला. युद्ध संपून सहाच वर्षं झाली होती. प्रेक्षक त्याला शिव्या घालत, दगड मारत. धावत येऊन दुसऱ्या बेसवरच्या खेळाडूला उडवून देण्याची त्याची पद्धत तेव्हा असभ्य मानली गेली, पुढे सगळ्यांनीच ती उचलली. त्याने तीनदा सर्वोत्तम सरासरीचा किताब मिळवला. पुढे चुनिचीचा प्रशिक्षक म्हणून १९७४ मध्ये त्यानेच जायंट्सला दहाव्यांदा जिंकू दिलं नाही.

ओह की नागाशिमा?

दोघेही त्या नऊ विजेतेपदांच्या जायंट्सचे फलंदाज. हा प्रश्न वडिलांच्या वयाच्या जपानी माणसाला विचारा आणि तासभर मोकळा ठेवा.

आकडे सादाहारू ओहच्या बाजूने आहेत: ८६८ होम रन, २१७० आरबीआय (त्याच्या फलंदाजीमुळे संघाला मिळालेल्या धावा), नऊ वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू. नागाशिमा शिगेओचे ४४४ होम रन आणि २४७१ हिट त्यापुढे फिके दिसतात. तरीही लोकांचा लाडका नागाशिमाच. पदार्पणात, एप्रिल १९५८ मध्ये, महान पिचर कानेदाने त्याला चारही वेळा स्ट्राइकआउट केलं, आणि तो प्रत्येक वेळी बॅट जीव तोडून फिरवून बाद झाला. त्याच वर्षी एक होम रन मारून पळताना पहिल्या बेसला पाय लावायलाच विसरला, तो होम रन रद्द झाला आणि तिशीला एक कमी पडला. लोकांना तो यासाठीच आवडला.

आणि मग २५ जून १९५९. सम्राट पहिल्यांदाच व्यावसायिक सामना पाहायला जायंट्सच्या कोराकुएन मैदानात आले होते. हानशिनविरुद्ध ४-४ बरोबरी, नववी म्हणजे शेवटची इनिंग, सम्राट निघायला काही मिनिटंच उरलेली. नवखा पिचर मुरायामा मिनोरू याच्या चेंडूवर नागाशिमाने डाव्या बाजूला सीमेच्या खांबाजवळून होम रन मारला आणि सामना तिथेच संपवला. तो चेंडू फाउल होता, म्हणजे खांबाच्या बाहेरून गेला, असं मुरायामा मरेपर्यंत म्हणत राहिला. त्याच सामन्यात नवख्या ओहनेही होम रन मारून बरोबरी साधून दिली होती, हे फार थोड्यांना आठवतं. दोघांमधला फरक इथेच दिसतो.

आमचं मत: खेळाडू म्हणून ओह. त्यात शंका नाही. पण १९७४ च्या ऑक्टोबरात नागाशिमा निवृत्त झाला तेव्हा आणि ३ जून २०२५ ला तो गेला तेव्हा देश ज्या रीतीने हळहळला, ते आकड्यांच्या वहीत बसत नाही.

ओहचे ८६८ होम रन ‘खरे’ मानायचे का?

अमेरिकी चाहते म्हणतात, मैदानं लहान होती, पिचर कच्चे होते. कोराकुएन लहान होतं, हे खरं. पण त्या मैदानावर त्या काळातले सगळेच खेळत होते, आणि जपानमध्ये ओहखालोखाल नोमुरा कात्सुया आहे, ६५७ वर. ओहने २८३१ सामन्यांत ८६८ मारले. अमेरिकेच्या हँक अ‍ॅरनला ७५५ साठी ३२९८ सामने लागले. शिवाय ओहला तब्बल २३९० वॉक (पिचरचे चार चेंडू बाहेर गेले की फुकट मिळणारा पहिला बेस) मिळाले, म्हणजे पिचर त्याला चेंडू द्यायलाच तयार नसत. दोन लीगची तुलना करून कोण वरचढ ते ठरवता येणार नाही. पण आपल्या काळाच्या इतका पुढे गेलेला फलंदाज दुसरा दाखवा, एवढंच आम्ही म्हणू.

आणि हे सहज आलं नाही. ओह शाळेत पिचर होता. १९५७ च्या वसंतात बोटाला फोड येऊन चेंडूवर रक्त लागत असताना त्याने आपल्या शाळेला कोशिएन मैदानावरची राष्ट्रीय शालेय स्पर्धा जिंकून दिली. जायंट्समध्ये आल्यावर पहिल्या २६ प्रयत्नांत एकही हिट नाही. पहिल्या तीन हंगामांत ७, १७ आणि १३ होम रन. बॅट उशिरा यायची, आणि रात्रीच्या उनाडक्याही होत्या. मग फलंदाजीचे प्रशिक्षक अराकावा हिरोशी यांनी त्याला ताब्यात घेतलं. आयकिडो शिकलेल्या या माणसाने त्याला एका पायावर उभं केलं. अराकावांच्या घरी जुन्या चटईच्या खोलीत छताला कागदाची पट्टी टांगलेली असे, ओहच्या हातात खरी तलवार. घाव जरा तिरका पडला तर हलता कागद नुसता बाजूला सरकतो, सरळ आणि वेळेवर पडला तरच कापला जातो. सामना संपल्यावर रात्री उशिरापर्यंत हे चाले, चटया पायाखाली झिजून जात. १ जुलै १९६२ ला त्याने सामन्यात पहिल्यांदा उजवा पाय उचलून फटका मारला. त्या वर्षी ३८ होम रन झाले आणि त्या वर्षापासून तेरा वर्षं होम रनचा किताब दुसऱ्या कुणाला मिळाला नाही.

३ सप्टेंबर १९७७ ला ७५६ वा मारून त्याने अ‍ॅरनला मागे टाकलं. दोघे आयुष्यभर मित्र राहिले आणि मुलांसाठी मिळून बेसबॉलचे मेळावे भरवत राहिले.

मग एका हंगामातल्या ५५ होम रनवरून ओहवर टीका का होते?

१९६४ चा हा विक्रम मोडायच्या जवळ आलेल्या परदेशी फलंदाजांना चेंडूच दिले गेले नाहीत म्हणून. १९८५ मध्ये हानशिनचा रँडी बास ५४ वर होता. शेवटचे सामने जायंट्सशी, प्रशिक्षक ओह. बासला वॉकमागून वॉक मिळाले. २००१ मध्ये टफी रोड्स ५५ वर थांबला, २००२ मध्ये अ‍ॅलेक्स काब्रेरा तिथेच थांबला. दोन्ही वेळा समोर ओहचाच संघ होता. आपण तसा आदेश दिला नव्हता, असं ओहने सांगितलं आहे. तो खरं बोलतो असं धरलं, तरी आपल्या पिचरना खेळा असं ठणकावून सांगणं त्याच्या हातात होतं. त्याने ते केलं नाही, आणि त्याच्या कारकिर्दीतली ही एक गोष्ट आम्हाला डाचते. २०१३ मध्ये याकुल्टच्या व्लादिमिर बालेंतिएनने ६० मारून विषय संपवला. २०२२ मध्ये मुराकामी मुनेताकाने ५६ मारले.

सर्वोत्तम पिचर कोण?

आकड्यांनी कानेदा मासाइची: ४०० विजय आणि ४४९० स्ट्राइकआउट. बहुतेक वर्षं तो कोकुतेत्सू स्वॉलोज या तळाच्या संघाकडून खेळला, त्यामुळे २९८ पराभवही त्याच्या नावावर आहेत.

एका आठवड्यापुरता विचार केला तर इनाओ काझुहिसा. १९५८ ची जपान सीरिज. निशितेत्सू लायन्स पहिले तीनही सामने जायंट्सकडून हरले. चौथा सामना पावसाने एक दिवस लांबला, इनाओला विश्रांती मिळाली आणि तो जिंकला. पाचव्यात तो मध्येच आला, दहाव्या इनिंगमध्ये स्वतःच होम रन मारून सामना जिंकला. सहावा जिंकला. सातवाही जिंकला. बेप्पूच्या या कोळ्याच्या पोराने लहानपणी वडिलांच्या होडीत वल्हं मारून खांदे कमावले होते. ‘देवा, बुद्धा, इनाओ महाराजा’ असे मथळे तेव्हा फुकुओकात झळकले.

आणि हिंमत पाहायची असेल तर एनात्सू युताका. १७ सप्टेंबर १९६८, कोशिएन, समोर जायंट्स. हंगामातल्या ३५३ स्ट्राइकआउटचा इनाओचा विक्रम गाठला तो ओहला बाद करून. ३५४ वाही ओहचाच हवा, असं त्याने ठरवलं. मग काय, ओहची पाळी पुन्हा येईपर्यंत मधल्या सगळ्यांना स्ट्राइकआउट न करता बाद करायचं, तेही ०-० च्या सामन्यात. त्याने ते केलं, ओहला पुन्हा टिपलं, आणि शेवटी स्वतःच्याच बॅटने विजयी धाव काढली. त्या वर्षी तो ४०१ वर थांबला.

जपानी बेसबॉल म्हणजे ‘सामुराई वृत्ती’, असं म्हणतात. पटतं का?

आम्हाला नाही. विक्रमांची यादी उघडा आणि नावं वाचा. सर्वाधिक होम रन ओहचे: वडील चिनी, स्वतः चीनच्या प्रजासत्ताकाचं म्हणजे तैवानचं नागरिकत्व न सोडलेला. शाळेत असताना याच कारणाने त्याला राष्ट्रीय क्रीडा महोत्सवात खेळू दिलं नव्हतं. सर्वाधिक विजय कानेदाचे: कोरियन कुटुंबातला. सर्वाधिक हिट, ३०८५, हारिमोतो इसाओचे: तोही कोरियन. हारिमोतो हिरोशिमात वाढला. लहानपणी उजवा हात भाजून बोटं आखडली, म्हणून तो डाव्या हाताने खेळायला शिकला. पाच वर्षांचा असताना अणुबॉम्ब पडला, त्यात मोठी बहीण गेली.

३०० विजय मिळवणारा पहिला पिचर व्हिक्टर स्टार्फिन: रशियन क्रांतीतून पळालेल्या निर्वासितांचा मुलगा, होक्काइदोतल्या असाहिकावात वाढलेला. १९३९ मध्ये त्याने ४२ सामने जिंकले. युद्ध आलं तसं त्याला सुदा हिरोशी हे नाव घ्यायला लावलं, आणि पुढे कारुइझावात नजरकैदेत ठेवलं. सलग २२१५ सामने खेळलेला किनुगासा साचिओ: वडील आफ्रिकी वंशाचे अमेरिकी सैनिक. १९७९ च्या ऑगस्टमध्ये चेंडू लागून त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी तो बदली फलंदाज म्हणून उतरला, तीन चेंडूंवर तीन वेळा पूर्ण ताकदीने बॅट फिरवली आणि बाद झाला. नंतर म्हणाला, पहिला झटका चाहत्यांसाठी, दुसरा माझ्यासाठी, तिसरा ज्याचा चेंडू मला लागला त्या निशिमोतोसाठी.

ज्यांना देशाने धड आपलं म्हटलं नाही, त्यांनीच हा खेळ मोठा केला. सामुराईच्या गोष्टीत या माणसांना जागा मिळत नाही, म्हणून ती गोष्ट आम्हाला अपुरी वाटते.

हिरोशिमा कार्पचे चाहते इतके कट्टर का?

कारण संघ त्यांनी अक्षरशः वर्गणी काढून जगवला. १९५० मध्ये, बॉम्बनंतर पाच वर्षांनी, कार्प लीगमध्ये उतरले, पाठीशी कुठलीही मोठी कंपनी नसताना. पगाराला पैसे नसत. १९५१ मध्ये संघ गुंडाळायची वेळ आली तेव्हा प्रशिक्षक इशिमोतो शुइची यांनी लोकांना हाक दिली आणि मैदानाच्या दाराशी साकेची लाकडी पिंपं ठेवली गेली. ज्यांची घरं अजून उभी राहिली नव्हती, त्यांनी त्या पिंपांत नाणी टाकली. पहिलं लीग विजेतेपद यायला १९७५ उजाडावं लागलं. त्याच वर्षी टोप्या लाल झाल्या, आणि तो लाल रंग आजही शहरभर दिसतो.

नोमुरा कात्सुयाचं नाव जायंट्सवाल्यांइतकं का घेतलं जात नाही?

तो पॅसिफिक लीगमध्ये होता, आणि पॅसिफिकचे सामने तेव्हा टीव्हीवर क्वचित दिसत. चाचणी देऊन नानकाईत आलेला हा गरीब घरचा कॅचर १९६५ मध्ये सरासरी, होम रन आणि आरबीआय या तिन्हींत पहिला आला. १९७५ मध्ये ६०० वा होम रन मारला तेव्हा तो म्हणाला की ओह आणि नागाशिमा सूर्यफुलं, मी जपानच्या समुद्राकाठी रात्री गुपचूप उमलणारं फूल. पुढे प्रशिक्षक म्हणून त्याने याकुल्टला १९९३, १९९५ आणि १९९७ मध्ये राष्ट्रविजेता केलं. टाकाऊ ठरवलेल्या खेळाडूंना नवी भूमिका देऊन उभं करण्यात त्याचा हात धरणारा कुणी झाला नाही.

कर्नल सँडर्सचा शाप काय भानगड आहे?

१९८५ च्या ऑक्टोबरात हानशिनने लीग जिंकली. ओसाकात एबिसु पुलावर जमलेले चाहते खेळाडूंची नावं घेत, त्यांच्यासारखे दिसणारे एकेक जण दोतोम्बोरी नदीत उड्या टाकत होते. दाढीवाल्या रँडी बाससारखा कुणी सापडेना, म्हणून जवळच्या चिकनच्या दुकानातला कर्नलचा पुतळाच पाण्यात गेला. संघ त्या वर्षी जपान सीरिजही जिंकला, पण नंतर दशकानुदशकं नाही. पुतळा मार्च २००९ मध्ये गाळात सापडला. पुढचं राष्ट्रविजेतेपद थेट २०२३ मध्ये आलं.

खेळाडू अमेरिकेत जायला कसे लागले?

पहिला मुराकामी मासानोरी, १९६४ मध्ये. त्याच्यावरून दोन्ही देशांच्या संघांत भांडण झालं आणि दार तीस वर्षं बंद राहिलं. १९९५ मध्ये किनतेत्सूचा पिचर नोमो हिदेओ याने नियमांतली फट शोधली: जपानमधून ‘निवृत्त’ झालेला खेळाडू परदेशात कुठेही खेळू शकत होता. वर्तमानपत्रांनी त्याला देशद्रोह्यासारखं झोडपलं, आणि तो अमेरिकेच्या डॉजर्स संघाकडून जिंकू लागताच पहाटे उठून त्याचेच सामने दाखवले. पुढे १९९८ पासून पोस्टिंगची, म्हणजे संघाने आपणहून खेळाडूला अमेरिकेत जायला सोडण्याची, पद्धत आली. तिच्यात जपानी संघाला मोबदला मिळतो.

पुढे अमेरिकेत गाजलेला फलंदाज इचिरो याचा जपानमधला काळ पाहण्यासारखा होता का?

होता, आणि तो समजून घ्यायला कोबेपासून सुरुवात करावी लागते. १९९४ मध्ये कोबेत खेळणाऱ्या ओरिक्सचे प्रशिक्षक ओगी अकिरा यांनी सुझुकी हे चारचौघांसारखं आडनाव काढून त्याच्या पाठीवर नुसतं ‘इचिरो’ लिहिलं. त्या हंगामात त्याने २१० हिट मारले. २०० त्याआधी कुणीच गाठले नव्हते. जानेवारी १९९५ मध्ये कोबेत भूकंप झाला, सहा हजारांहून अधिक माणसं गेली. संघ शहर सोडून दुसरीकडे खेळू शकला असता. त्यांनी बाहीवर ‘गानबारो कोबे’, म्हणजे धीर धरू या कोबे, असं लिहिलं आणि तिथेच खेळले. त्या वर्षी लीग जिंकली, १९९६ मध्ये जायंट्सना हरवून राष्ट्रविजेतेपद. सलग सात वर्षं सर्वोत्तम सरासरी इचिरोची होती. नंतरचं सगळ्यांना माहीत आहे: दोन्ही देशांत मिळून ४३६७ हिट, आणि २०२५ मध्ये अमेरिकेतल्या कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये पहिला जपानी खेळाडू.

२००४ चा संप म्हणजे काय?

किनतेत्सू आणि ओरिक्स हे संघ विलीन करून लीगच लहान करायचा मालकांचा बेत होता. खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष, याकुल्टचा कॅचर फुरुता आत्सुया, चर्चा मागत होता. योमिउरीचे वातानाबे त्सुनेओ यांनी ‘नुसते खेळाडू’ म्हणून ती उडवून लावली. १८ आणि १९ सप्टेंबरला खेळाडूंनी मैदानात पाऊल ठेवलं नाही. इतिहासातला पहिला संप, आणि चाहते खेळाडूंच्या बाजूने. विलीनीकरण झालं, पण बारावा संघ टिकला: सेंदाईत राकुतेन ईगल्स आले. तोच संघ २०११ च्या त्सुनामीनंतर दोन वर्षांनी राष्ट्रविजेता झाला. त्यांचा पिचर तनाका मासाहिरो त्या हंगामात २४ सामने जिंकला आणि एकही हरला नाही. जपान सीरिजच्या सहाव्या सामन्यात १६० चेंडू टाकून तो हरला आणि दुसऱ्याच दिवशी सातवा सामना संपवायला पुन्हा उतरला. एवढं ओझं एका खांद्यावर टाकणं योग्य होतं का, यावर चाहते अजून भांडतात.

ओहतानी जपानमध्ये एवढा चांगला होता का?

२०१६ मध्ये फायटर्सकडून दहा विजय, २२ होम रन, १६५ किलोमीटर वेगाचा चेंडू आणि राष्ट्रविजेतेपद. प्रशिक्षक कुरियामा हिदेकी यांनी जाणत्यांची टीका सोसून त्याला चेंडू टाकणं आणि फलंदाजी ही दोन्ही कामं करू दिली, हे श्रेय त्यांचंच.

याचा भारताशी काही संबंध?

एक गमतीचा आहे. जायंट्समध्ये जायचं स्वप्न पाहणाऱ्या मुलाची एक चित्रमालिका जपानमध्ये १९६० च्या दशकात तुफान गाजली होती. २०१२ च्या अखेरीस तीच गोष्ट मुंबईतल्या एका गरीब, क्रिकेट खेळणाऱ्या मुलाची करून भारतीय टीव्हीवर आणली गेली.

तोक्योत राहतो. सामना कुठे पाहावा?

निशी-कासाईतल्या मराठी मंडळींना सोपं आहे: तोझाई लाइनने इइदाबाशी, तिथून जेआरने पुढचं स्टेशन सुइदोबाशी, समोर तोक्यो डोम. हॉल ऑफ फेमचं संग्रहालयही तिथेच आहे. पण पहिला सामना आम्ही जिंगूला पाहायला सांगू, गिन्झा लाइनवर गाइएनमाए स्टेशन. १९२६ चं उघडं मैदान, बेब रूथ इथे खेळून गेला आहे. याकुल्टने धाव काढली की हजारो छोट्या छत्र्या उघडून लोक नाचतात. प्रत्येक फलंदाजाचं वेगळं गाणं असतं, आणि ते आपला संघ फलंदाजी करत असतानाच म्हणायचं असतं. समोरच्या संघाची पाळी आली की गप्प बसा, तेव्हा मैदान त्यांच्या चाहत्यांचं. कार्पचा सामना असेल त्या दिवशीचं तिकीट काढा आणि लाल बाजूला, म्हणजे कार्पच्या चाहत्यांत, बसा.